निळा धूर, दोन अंदाजपत्रकं आणि तुंबलेला ब्रीदर: नागपुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायला चार-पाच दिवस होते तेव्हा ही गाडी आमच्या गॅरेजात आली. २०१८ सालची, चार सिलिंडरची टर्बो डिझेल सेडान, बीएस-४ (प्रदूषण-नियमांचा टप्पा), मीटरवर १,४२,००० किलोमीटर. मालक एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, राहायला वर्धा रोडच्या बाजूला. त्यांनी गाडी ९६,००० किलोमीटरला सेकंडहँड घेतली होती. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, मोजमापं मात्र जशीच्या तशी आहेत.

गाडीचं जगणं दोन तऱ्हांचं होतं. महिनाभर घर, कॉलेज, सीताबर्डी, पुन्हा घर. म्हणजे आठ-दहा किलोमीटरच्या चकरा आणि प्रत्येक चौकात सिग्नल. आणि महिन्यातून एकदा सरांची सासुरवाडी, जालना. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून त्यांची जाणी-येणी त्याच रस्त्याने. शिवमडक्याला महामार्गावर चढायचं, १२० च्या मर्यादेला लागून गाडी धरायची आणि जालन्यालाच उतरायचं. मधे थांबा एखादाच, पेट्रोल पंपावर. तिथे गाडी लावली की लगेच चावी बंद.

फेब्रुवारीपासून गाडी धूर सोडू लागली होती. मेपर्यंत सरांनी दोन गॅरेजं पालथी घातली. पहिल्या ठिकाणी सांगितलं, रिंग (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद ठेवणाऱ्या कड्या) गेल्या, हाफ इंजिन काम करावं लागेल, ७२,००० रुपये. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला, नवा टाका, ३८,०००. मधल्या काळात कोणीतरी धूर कमी व्हावा म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरून दिलं होतं आणि वरून धूर बंद करायच्या औषधाची एक बाटली.

सर आले तेच थकलेले. "भाऊ, दोघं दोन गोष्टी सांगून राहिले. कोणाचं खरं मानू?" जूनच्या पहिल्या आठवड्यात जालन्याला मेहुणीचं लग्न होतं. त्याआधी गाडी हवी होती.

तक्रार नेमकी काय होती

"धूर येतो" ही तक्रार नव्हेच, ती फक्त सुरुवात. धुराचा रंग काय जळतंय ते सांगतो, पण ते कुठून येतंय ते धुराची वेळ सांगते. म्हणून आम्ही गाडीला हात लावण्याआधी सर आणि मॅडम दोघांना अर्धा तास बसवलं.

मॅडमनी पर्समधून दुधाच्या हिशोबाची वही काढली. मागच्या पानांवर त्यांनी फेब्रुवारीपासून प्रत्येक वेळी ओतलेलं ऑइल तारखेसकट आणि किलोमीटरसकट लिहून ठेवलं होतं. वीस वर्षं हे काम करतोय, इतकी नीट नोंद ठेवणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटलं. त्या नोंदींचा हिशोब मांडला तेव्हा असं दिसलं: शहरात दोन महिन्यांत १,२०० किलोमीटर चालली, ऑइल लागलं सुमारे २०० मिली. जालन्याची एक फेरी, जाऊन-येऊन ८२० किलोमीटर, ऑइल लागलं ९०० मिली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

हा आकडा फार बोलका आहे. वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणारं सील) गेलेली गाडी रात्रभर उभी राहिल्यावर आणि शहरातल्या चालू-बंद वापरात ऑइल जास्त खाते. हायवेवर ती त्या मानाने शांत असते. इथे उलट होतं. वेग आणि लोड चढला की खप चढत होता. म्हणजे संशय तिघांवर आला: रिंग, टर्बो, किंवा इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारी ब्रीदरची वाट.

धुराच्या वेळा अशा निघाल्या. सकाळी पहिल्या सेल्फला निळसर एक झुळूक, लगेच नाहीशी. चालू गाडीत विशेष काही नाही. पण सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभी राहून निघाली की मागे निळा ढग. छत्रपती चौकात मागचा दुचाकीवाला हातानं धूर बाजूला करत शिव्या देऊन गेला, हे सांगताना सरांचा चेहरा उतरला होता.

आणखी एक गोष्ट मॅडमनी जाता जाता सांगितली: ऑइल बघायला बॉनेट उघडलं की डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) दोनदा आपल्या जागेवरून बोटभर वर आलेली दिसली. सरांना वाटलं, आपणच नीट दाबली नसेल. त्या क्षणी आम्हीही ते ऐकलं आणि पुढे गेलो. तिथे थांबायला हवं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, हाफ इंजिन. हेड उतरवा, पिस्टन काढा, रिंग टाका. रिंग खरोखर गेल्या असतील तर दुसरा इलाज नाही. पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, न मोजता कोणाचंही इंजिन खोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. पहिल्या गॅरेजने ते मोजलं नव्हतं.

दुसरा, टर्बो बदलणं. सिग्नलनंतरचा निळा ढग हे टर्बोचं पुस्तकी लक्षण आहे. गाडी आयडलला, म्हणजे पाय न दाबता नुसती चालू, उभी असताना टर्बाइनच्या (एक्झॉस्टकडच्या) बाजूने ऑइल गळून गरम एक्झॉस्टमध्ये साचतं आणि पाय दाबला की एकदम जळतं. दुसऱ्या गॅरेजवाल्याचा अंदाज काही हवेतला नव्हता, हे मान्य करायला हवं.

पण टर्बो ऑइल का सोडतो, हे समजून घेतल्याशिवाय तो बदलणं म्हणजे अर्धंच काम. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. तिथे पिस्टन रिंगसारख्याच, पण अगदी बारीक धातूच्या रिंगा असतात. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरू शकतो, तिथे रबर टिकणारच नाही. ऑइल वरून पंपाच्या दाबाने आत येतं, बेअरिंग भिजवतं आणि खालच्या जाड नळीतून स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. खाली जाताना त्याला ढकलणारं कोणी नसतं. त्यामुळे चेंबरमध्ये वायूचा दाब वाढला किंवा ती नळी आतून आवळली, तर ऑइल खाली उतरत नाही आणि मिळेल त्या बाजूने, कधी कॉम्प्रेसरकडून (हवा ओढणाऱ्या बाजूने) तर कधी टर्बाइनकडून, बाहेर पडतं. मोरी तुंबली की न्हाणीघरात पाणी वर येतं, तसंच. आता मोरी तशीच ठेवून नवी बादली आणली तर काय होणार? नवा टर्बोही महिनाभरात ऑइल सोडणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार माल डुप्लिकेट निघाला. हे आम्ही दुसऱ्या गाड्यांवर होताना पाहिलं आहे.

तिसरा पर्याय होता लग्न होईपर्यंत काही न करता ऑइल ओतत राहणं. सरांनी तो स्वतःच मांडला. तपासणी सुरू झाल्यावर आम्ही तो ठाम नाकारला. कारण खाली येईल.

चौथा, आधी मोजायचं. दोन दिवस, तपासणीचे २,५०० रुपये, आणि निदान चुकलं तरी ते पैसे परत मागायचे नाहीत, असं आधीच बोलून घेतलं. सरांनी वहीकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि हो म्हटलं.

तपासणी, पहिला दिवस

थंड गाडीवर आधी ऑइलची पातळी. खुणेच्या वर पाच-सहा मिलिमीटर. कमी पडू नये या भीतीने जास्त ओतलं गेलं होतं. ऑइल जास्त असलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरमधून टर्बोकडे जातो. म्हणजे भीतीने केलेला उपायच त्रास वाढवत होता. ६०० मिली काढलं.

कूलंट कमी झालेलं नव्हतं, त्यामुळे हेड गॅस्केटचा पांढरा धूर बाद. डिपस्टिकवरच्या ऑइलला डिझेलचा वास नव्हता आणि पातळी कधी आपोआप वाढलेली नव्हती, म्हणून इंजेक्टर गळून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय हाही संशय बाजूला. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरला. काळी कोरडी काजळी बसली असती तर ते डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचं लक्षण. इथे कागदावर तपकिरी, तेलकट ठिपके उठले. बोटाने चोळले तर पसरले.

एअर फिल्टर काढला तर त्यातून मूठभर धूळ पडली. उन्हाळ्यात नागपुरात हे नेहमीचंच आहे. फिल्टर तुंबला की टर्बो हवा ओढताना कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ऑइल त्या बाजूला खेचलं जातं. नवा टाकला. ढग थोडा कमी झाला, गेला नाही.

इथे आमच्या हातून चूक झाली. धूर नीट दिसावा म्हणून आमच्या पोराने गाडी उभ्या जागी मिनिटाला ४,००० फेऱ्यांपर्यंत रेस केली, दोनदा. त्यानंतर आम्ही इंटरकूलरचा (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या भागाचा) खालचा पाइप सोडला आणि बाटलीत १८० मिली ऑइल निथळलं. पाइपमध्ये ऑइलचा पातळ लेप असणं स्वाभाविक आहे, कारण ब्रीदरचा वायू त्याच वाटेने जातो. पण पाव लिटरच्या जवळपास साठा म्हणजे धोका. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवेबरोबर पुरेसं ऑइल आत गेलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल तोडते. मग मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरला टाकून क्लच सोडून ती बंद पाडायची, किंवा हवेची वाट बंद करायची. इंजिन वेगात गेलं असेल तर त्याच्या जवळ वाकून उभं राहणंही धोक्याचं. आमचं नशीब चांगलं म्हणून तसं झालं नाही.

याच कारणाने "लग्नापर्यंत असंच चालवू" हा पर्याय बाद केला. समृद्धीवर भर वेगात असं झालं तर गाडीत चार माणसं असतात. सरांना बाटली दाखवली तेव्हा त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवला. आडवा किंचित हलला. तो हलतोच, बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगत असतं आणि ऑइल नसताना तेवढी जागा जाणवते. पुढे-मागे मात्र काही खेळ नव्हता. पाती कडेला घासल्याच्या खुणा नाहीत. आत मात्र सगळं ओलं. म्हणजे टर्बो ऑइल सोडत होता, पण तुटलेला दिसत नव्हता.

तपासणी, दुसरा दिवस

रात्री घरी जेवताना मला ती वर आलेली डिपस्टिक आठवली. डिपस्टिक आपोआप वर येत नाही. तिला खालून काहीतरी ढकलतं.

सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून लेव्हल ट्यूब आणली, मिस्त्री लोक वापरतात ती पारदर्शक नळी. तिचा यू आकार करून लाकडी पट्टीला बांधला, मागे शाळेतली सेंटिमीटरची पट्टी, आत कुंकू घातलेलं पाणी. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवलं, दुसरं मोकळं. इंजिनच्या पोटात दाब असेल तर एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. दोन्ही पातळ्यांतलं अंतर म्हणजे दाब. महागडं मीटर असतं, पण ही नळी खोटं बोलत नाही.

आयडलला ९ सेंटिमीटर. २,५०० फेऱ्यांना ३१. कुंकवाचं पाणी नळीत चढताना पाहून आमचा पोरगा म्हणाला, "हे तर उसळून राहिलं."

हा आकडा वाईट आहे की बरा, हे कशावरून ठरवायचं? सुदैवाने त्याच आठवड्यात सर्व्हिसिंगला त्याच मॉडेलची, ८०,००० चाललेली, बिनतक्रारीची गाडी उभी होती. तिच्यावर हीच नळी लावली: आयडलला एकही नाही, २,५०० ला ३. आता शंका उरली नाही.

पण दाब दोन कारणांनी वाढतो, आणि ७२,००० रुपयांचा प्रश्न नेमका इथे होता. एक, रिंगांमधून खाली येणारा वायूच जास्त आहे. दोन, वायू नेहमीएवढाच आहे, त्याला बाहेर जायची वाट नाही. दाब दोन्हीकडे सारखाच दिसतो. फरक वायूच्या प्रमाणात असतो.

ब्रीदरचा बाहेरचा होज काढून बघितला: ३१ चे २८ झाले. म्हणजे अडथळा होजमध्ये नव्हता, त्याच्या आत, टॅपेट कव्हरमधल्या (इंजिनच्या वरच्या झाकणातल्या) ऑइल सेपरेटरमध्ये होता, जो वायूतलं ऑइल वेगळं करतो. मग ऑइल भरायच्या झाकणाच्या जागी एक जुनं झाकण, त्याला भोक पाडून जाड नळी बसवली, सेपरेटरला वळसा घालून. दाब थेट २ वर. नळीच्या तोंडाला २० लिटरची कचऱ्याची पिशवी बांधली आणि आयडलला ती फुगायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं. या गाडीला ६२ सेकंद, निरोगी गाडीला ७०. एवढा फरक १,४२,००० चाललेल्या इंजिनाला शोभणारा आहे. रिंग गेल्या असत्या तर पिशवी बघता बघता फुगली असती.

कॉम्प्रेशन गेज लावायचा का, यावर आमच्यात वाद झाला. त्यासाठी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढावे लागतात, आणि सहा वर्षं न हललेला प्लग हेडमध्येच तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. निदानासाठी गाडीचं नुकसान करायचं नसतं. म्हणून आधी स्टार्टरचा करंट क्लॅम्पने पकडून चारही सिलिंडरची तुलना केली. इंजिन फिरताना प्रत्येक कॉम्प्रेशनला स्टार्टर जास्त करंट ओढतो, ज्या सिलिंडरचा उंचवटा कमी, तो ढिला. चारही जवळजवळ सारखे आले. मी एवढ्यावर थांबलो असतो. माझा भागीदार म्हणाला, चारही सारखेच ढिले असतील तर? बरोबर होतं. करंट फक्त तुलना सांगतो, खरा आकडा सांगत नाही. प्लगांवर रात्रभर भेदक तेल सोडलं, इंजिन गरम करून टॉर्क पान्याने, मर्यादा लावून, हळू सोडले. चारही निघाले. आकडे २७, २६.५, २७ आणि २५.५ बार. इंजिन खोलायचं कारण संपलं.

निर्णय आणि काम

सरांना बोलावून टॅपेट कव्हर त्यांच्यासमोर उघडलं. सेपरेटरच्या बारीक वाटांमध्ये काळं, काकवीसारखं काहीतरी बसलं होतं. स्क्रूड्रायव्हरने उचललं तर तार धरून लोंबलं. आधीच्या मालकाच्या कागदांत दोन सर्व्हिसिंगमध्ये २४,००० किलोमीटरचं अंतर होतं. इतकं ताणलं की ऑइल थिजून असा गाळ धरतं, आणि शहरातल्या छोट्या चकरांत इंजिन पुरतं तापत नाही म्हणून ओल आत राहून गाळ वाढतो. वरून ते जाड २०डब्ल्यू-५०.

टर्बोची खाली उतरणारी नळी काढली. मधोमध कोक, म्हणजे भाजून कडक झालेलं ऑइल, जमून भोक निम्मं राहिलं होतं. भर वेगातून येऊन लगेच चावी बंद केली की टर्बोतलं ऑइल जागच्या जागी भाजतं, हे त्याचंच फळ. म्हणजे ऑइलची उतरायची वाट दोन्ही बाजूंनी आवळली होती, खालून दाब आणि वरून कोक.

आता सगळ्यात अवघड निर्णय: टर्बो जुनाच ठेवायचा की त्याचा कोअर, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग, बदलायचा? कोअर १६,००० चा. बदलला असता तर आमच्यावर बोट उठलं नसतं. पण शाफ्ट ठीक होता आणि गळतीचं कारण दुसरीकडे सापडलं होतं. सरांना सरळ सांगितलं: "सर, जुना ठेवला तर दहात आठ वेळा चालतो. दोन वेळा नाही चालत, मग खोलायची मजुरी पुन्हा लागेल." सर म्हणाले, "मोजून पाहिलं न तुम्ही? मग राहू द्या." कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

गाळ काढायला इंजिन फ्लश वापरायचा मोह होतो. आम्ही तो टाळला. इतका गाळ एकदम सुटला तर चेंबरमधली जाळी बुजते, ऑइलचा दाब पडतो आणि मग टर्बोच काय, बेअरिंगही जातात. चेंबर उतरवला, जाळी हाताने धुतली. सेपरेटरसकट टॅपेट कव्हर नवं, टर्बोच्या दोन्ही नळ्या नव्या, इंटरकूलर काढून धुऊन उन्हात उलटा ठेवला. त्या उन्हात तासाभरात कोरडा ठणठणीत. ऑइल पुस्तिकेत सांगितलेलं ५डब्ल्यू-३०, पातळी खुणेच्या किंचित खाली. पहिलं ऑइल १,००० किलोमीटरला आणि पुढचं ३,००० ला बदलायचं ठरलं. एकूण बिल १९,४००, तपासणीचे पैसे धरून.

जोडणी झाल्यावर पुन्हा कुंकवाची नळी. २,५०० ला ४.

परिणाम

गाडी घेऊन सर घरी गेले आणि संध्याकाळी फोन आला: धूर तसाच. दुसऱ्या दिवशीही. आवाजात राग नव्हता, निराशा होती, आणि ते जास्त लागलं. खरं कारण साधं होतं. महिनोन्महिने गळलेलं ऑइल एक्झॉस्टमध्ये आणि सायलेन्सरच्या पोटात मुरलेलं असतं, ते जळून जायला वेळ लागतो. आम्ही हे आधी सांगायचं विसरलो. तिसऱ्या दिवशी गाडी बोलावून, मी सोबत बसून बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. जाताना आरशात निळा पट्टा दिसत होता, येताना जवळजवळ नाही. चौथ्या दिवशी छत्रपती चौकात तीन मिनिटं उभी करून काढली. मागे काही नाही.

लग्नाला सर गाडीने गेले नाहीत. आम्हीच सांगितलं, अजून विश्वासाचे हजार किलोमीटर झाले नाहीत, बसने जा. मॅडमना ते आवडलं नाही, पण ऐकलं.

मॅडमची वही चालू राहिली. पहिल्या १,००० किलोमीटरला २१० मिली. जुलैमधल्या जालन्याच्या फेरीत, त्याच ८२० किलोमीटरला, १५० मिली. आधी ९०० होते. काही कंपन्यांच्या पुस्तिका हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालवून घेतात, त्या मानाने हे बरंच खाली आहे. आठ महिन्यांनी नळी पुन्हा लावली, आकडा ४ वरच होता. टर्बो तोच.

सकाळची झुळूक मात्र अजून आहे. ती वॉल्व्ह सीलची. वहीतल्या आकड्यांवरून ती फार ऑइल खात नाही, म्हणून हात लावलेला नाही.

एक गोष्ट लोकांना सांगावीशी वाटते. या गाडीकडे संपूर्ण काळात चालू पीयूसी होतं. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज एककं (धुराचा दाटपणा मोजायचं माप) आहे, आणि फेब्रुवारीत तिचं रीडिंग ४६ आलं होतं. तपासणी गरम इंजिनवर, रेस मारून होते. आयडलला साचून मग निघणारा ढग तिथे पूर्ण सापडत नाही. पीयूसी पास झालं म्हणून गाडी ऑइल खात नाही असं धरून चालता येत नाही.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पहिलं, इंटरकूलरचा पाइप उघडून बघितल्याशिवाय निळा धूर सोडणारी डिझेल गाडी रेस करायची नाही. त्या प्रकरणानंतर ही पाटी आमच्या भिंतीवर आहे आणि पोरगा स्वतः नव्या मुलांना ती वाचून दाखवतो.

दुसरं, डिपस्टिक वर आल्याचं ऐकलं त्याच मिनिटाला नळी लावायला हवी होती. दाबाचं मोजमाप वीस मिनिटांचं काम आहे आणि त्याला काही उघडावं लागत नाही. आम्ही ते दुसऱ्या दिवशी केलं, आता पहिल्या तासात करतो. टर्बोची उतरती नळीही त्याच वेळी बघतो.

तिसरं, टर्बो ठेवायचा निर्णय. तो बरोबर ठरला, पण शाफ्टची जागा मी फक्त बोटांनी पाहिली होती. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मीटर) लावून आकडा लिहायला हवा होता. पुढे टर्बो गेला असता तर "तेव्हा ठीक होता" हे दाखवायला माझ्याकडे माझ्या बोटांशिवाय काही नव्हतं. शिवाय १६,००० वाचवण्याचा धोका सरांचा होता, आमचा नव्हता. सही घेतली म्हणून तो बदलत नाही. जालन्याला दर महिन्याला म्हातारी माणसं घेऊन जाणारं गिऱ्हाईक असतं तर मी कदाचित कोअर बदला असंच म्हटलं असतं.

चौथं, काम झाल्यावर तीन-चार दिवस धूर दिसेल हे बिलावरच लिहून द्यायचं. सरांचे ते तीन दिवस आमच्यामुळे वाईट गेले.

समृद्धीवरून येणाऱ्यांना आम्ही आता एक सांगतो. महामार्गावरून उतरल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवायचा. मधेच पंपावर थांबलात तर चावीला हात लावण्याआधी मिनिट-दोन मिनिटं इंजिन आयडलला राहू द्यायचं. सर ते करतात. मॅडम घड्याळ बघतात.